नवा प्रशिक्षक आणि जुना संघ : धंदेवाईक बास्केटबॉलमधील नेतृत्वबदलाचा विचार

संस्थेचे काम नीट चालेनासे झाले म्हणजे तिचा प्रमुख बदलावा, ही कल्पना सर्वत्र आढळते. कारखान्यात, महाविद्यालयात, नाटक मंडळीत, राज्यकारभारात तिचा प्रत्यय येतो. परंतु नव्या प्रमुखाने नेमके काय आणले हे मोजून पाहण्याची सोय या ठिकाणी क्वचितच असते. धंदेवाईक क्रीडासंघाची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रमुख वारंवार बदलतो, बदलाचा दिवस निश्चित असतो, आणि आधीचा व नंतरचा जमाखर्च जय-पराजयाच्या रूपाने सर्वांसमोर मांडलेला असतो. समाजशास्त्रज्ञांचे लक्ष या क्षेत्राकडे वळले ते यामुळेच. ऑस्कर ग्रस्की यांनी १९६३ साली अमेरिकेतील १६ बेसबॉल संघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या संघांचे व्यवस्थापक अधिक वेळा बदलले त्यांचे यश कमी, असे त्यांना आढळले. अपयशामुळे प्रमुख जातो आणि त्याच्या जाण्याने घडी विस्कटून अपयश आणखी वाढते, असे हे दुष्टचक्र होय, असा त्यांचा आशय होता. पुढच्याच वर्षी विल्यम गॅमसन व नॉर्मन स्कॉच यांनी त्यावर निराळे मत मांडले. त्यांच्या मते व्यवस्थापकाचा संघाच्या यशावर फारसा परिणामच होत नाही. त्याला घालवणे हा एक विधी आहे, आणि तो स्वतः बळीचा बकरा. नवा माणूस आला की सुधारणा होते, हा सर्वसामान्य समज धरला तर एकाच घटनेची तीन स्पष्टीकरणे समोर उभी राहतात.

ही तीनही मते बेसबॉलच्या संदर्भात मांडली गेली. बास्केटबॉलमध्ये त्यांची परीक्षा अधिक कसून घेता येते, कारण त्या खेळात प्रशिक्षकाचा हात बराच खोलवर पोहोचतो. मराठी वाचकाच्या परिचयाच्या क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कप्तान घेतो. गोलंदाज केव्हा बदलावा, क्षेत्ररक्षक कोठे उभा करावा, हे त्याचे अधिकार. एकदा बाद झालेला फलंदाज त्या डावात परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये याच्या अगदी उलट स्थिती आहे. खेळाडू कितीही वेळा बाहेर बोलावता येतो आणि कितीही वेळा परत पाठवता येतो. हे सर्व ठरवणारा माणूस मैदानाच्या कडेला उभा असतो, व खेळ थांबवून आपल्या खेळाडूंशी बोलण्याची त्याला ठराविक वेळा मुभा असते. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या सामन्याची खेळण्याची वेळ ४८ मिनिटांची. एका वेळी पाच खेळाडू मैदानावर असतात. म्हणजे प्रत्येक सामन्यात प्रशिक्षकाच्या हाती २४० मिनिटांचे भांडवल असते, आणि ते पंधराएक खेळाडूंत त्याने कसे वाटावे यास नियमांचे कोणतेही बंधन नाही. दुसरे भांडवल म्हणजे चेंडू. १९५४ पासून असा दंडक आहे की, चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांच्या आत तो टोपलीकडे फेकला गेलाच पाहिजे. हे २४ सेकंद कोणाच्या हातात खर्च व्हावयाचे हेही प्रशिक्षकाच्या योजनेवर अवलंबून असते.

मात्र एक गोष्ट त्याच्या हाती बहुधा नसते, ती म्हणजे खेळाडूंची निवड. ती सरव्यवस्थापक करतो, आणि त्यालाही पगारमर्यादेच्या चौकटीत राहावे लागते. खेळाडूंचे करार अनेक वर्षांचे असतात. ते मोडणे अवघड आणि महाग. प्रशिक्षकाचा पगार मात्र त्या मर्यादेत धरला जात नाही. बारा खेळाडू बदलण्यापेक्षा एक प्रशिक्षक बदलणे मालकाला किती सोपे वाटत असेल, हे यावरून दिसून येईल. बळीच्या बकऱ्याचा सिद्धांत निदान एवढ्यापुरता तरी हिशेबाच्या वहीत सापडतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास गोल्डन स्टेट वॉरियर्स या कॅलिफोर्नियातील संघाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. १९९४ नंतर २०१२ पर्यंतच्या दीर्घ काळात हा संघ विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत केवळ एकदा, २००७ साली पोहोचला होता. २०११ मध्ये मार्क जॅक्सन हे त्याचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या, टाळेबंदीमुळे तोकड्या झालेल्या मोसमात संघाने २३ सामने जिंकले व ४३ गमावले. दुसऱ्या मोसमात ४७ जिंकले. तिसऱ्यात, म्हणजे २०१३-१४ मध्ये, ५१ जिंकले व ३१ गमावले. त्या मोसमाच्या अखेरीस लॉस एंजेलिस क्लिपर्सशी पहिल्याच बाद फेरीत गाठ पडली आणि संघ सातव्या, निर्णायक सामन्यात हरला. अँड्र्यू बोगट हा उंचापुरा मध्यखेळाडू बरगडीच्या दुखापतीमुळे त्या संपूर्ण मालिकेत खेळू शकला नव्हता. मे २०१४ मध्ये जॅक्सन यांना निरोप देण्यात आला. सहायकांशी त्यांचे फारसे जुळत नसल्याचे बोलले जात होते. त्या मोसमात दोन सहायकांना मध्येच आपल्या जागा सोडाव्या लागल्या होत्या. उलटपक्षी, संघाचा सर्वांत मोठा खेळाडू स्टीफन करी याने जॅक्सन यांची उघडपणे बाजू घेतली होती. चढत्या भाजणीत असलेल्या संघाचा, खेळाडूंचा विश्वास असलेला प्रशिक्षक दूर करणे, हा निर्णय त्या वेळी पुष्कळांना अविचाराचा वाटला तर नवल नाही.

त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कर यांनी तोवर एकाही संघाचे प्रशिक्षण केलेले नव्हते. अर्थात जॅक्सन यांनीही नेमणुकीपूर्वी ते केलेले नव्हते. दोघेही जुने खेळाडू, आणि दोघेही दूरचित्रवाणीवरील समालोचकाच्या खुर्चीतून उठून आलेले. कर यांची पूर्वतयारी वेगळ्या प्रकारची होती. खेळाडू म्हणून त्यांनी शिकागोकडून तीन व सॅन अँटोनिओकडून दोन अशी पाच विजेतेपदे मिळवली होती. म्हणजेच फिल जॅक्सन आणि ग्रेग पॉपोविच या दोन थोर प्रशिक्षकांची पद्धत त्यांनी हाताखाली राहून पाहिली होती. फिनिक्स संघाचे सरव्यवस्थापक असताना वेगवान चढाईची शैलीही त्यांनी जवळून न्याहाळली होती. या तीन घराण्यांतील जे जे उपयुक्त वाटले ते त्यांनी एकत्र आणले. त्यात निखळ नवे असे फारसे काही नव्हते. संगीतात ज्याप्रमाणे घराण्यांच्या संगमातून गायकी तयार होते, त्याप्रमाणे प्रशिक्षणातही मौलिकता बहुधा मिश्रणाच्या प्रमाणात असते.

कर यांनी काय बदलले, यापेक्षा काय बदलले नाही हे आधी पाहणे इष्ट होईल. जॅक्सन यांच्या काळात वॉरियर्सचा बचाव संपूर्ण संघटनेतील पहिल्या चार-पाच उत्तम बचावांपैकी एक झाला होता. कर यांनी त्यास धक्का लावला नाही. रॉन ॲडम्स या अनुभवी सहायकाकडे तो सोपवून त्याची धार वाढवली, आणि या पायाचे श्रेय जॅक्सन यांचे आहे, असे जाहीरपणे अनेकदा सांगितले. नव्या प्रमुखाला आपले अस्तित्व सिद्ध करण्याची जी घाई असते, तिच्यापायी चांगले चाललेले कामही मोडले जाते. ग्रस्की यांना दिसलेले दुष्टचक्र बहुधा येथूनच सुरू होते. ते येथे सुरू झाले नाही.

बदल झाला तो चढाईत. बचाव इतका भक्कम असूनही २०१३-१४ मध्ये वॉरियर्सची चढाई बाराव्या क्रमांकाच्या आसपास घोटाळत होती, आणि करी व क्ले थॉम्प्सन यांच्यासारखे दोन असामान्य नेमबाज संघात असता ही स्थिती विचित्र होती. त्या मोसमात एका सामन्यात चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे देण्याचे, म्हणजे पासचे, त्यांचे प्रमाण सरासरी अडीचशेच्या आत होते. सर्व ३० संघांत ते सर्वांत कमी ठरले. कर यांनी ३०० पासचे उद्दिष्ट समोर ठेवले. हा आकडा केवळ आकडा म्हणून पाहिल्यास फसवा आहे, कारण निव्वळ चेंडू फिरवल्याने गुण मिळत नाहीत. त्यामागील कारणपरंपरा लक्षात घेतली पाहिजे. चेंडू एकाच खेळाडूच्या हातात राहिला की बचाव करणाऱ्या पाचांपैकी दोघे त्याच्याकडे लक्ष देतात आणि उरलेले तिघे विसावा घेऊ शकतात. चेंडू फिरू लागला की प्रत्येक वेळी पाचही जणांना मान वळवावी लागते, पाय हलवावे लागतात. एखाद्याचे पाऊल अर्ध्या क्षणाने मागे पडते, आणि पुढच्या पासला ती उणीव दुप्पट होते. करीसारख्या नेमबाजाला तीन गुणांच्या रेषेबाहेर तेवढी फट पुरते. म्हणून कर यांनी त्याला काही काळ चेंडूपासून दूरच ठेवले. तो धावत राहिला, बचाव त्याच्या मागे ओढला गेला, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत इतरांना संधी मिळाली. सर्वांत भेदक शस्त्र म्यानात ठेवून त्याच्या धाकाचा उपयोग करून घ्यावयाचा, असा हा डाव होता.

प्रारंभी त्याची किंमतही मोजावी लागली. मोसमाच्या पहिल्या काही सामन्यांत चेंडू हातचा घालवण्याचे प्रमाण इतके वाढले की, पाच विजयांनंतर लागोपाठ दोन पराभव पदरी आले. त्यानंतर मात्र संघाने सलग १६ सामने जिंकले.

मिनिटांची वाटणी हा याहून नाजूक प्रश्न होता. आंद्रे इग्वोडाला हा नावाजलेला खेळाडू तोपर्यंतच्या कारकिर्दीत ७५८ सामने खेळला होता, आणि त्या प्रत्येक सामन्यात तो पहिल्या पाचांत होता. कर यांनी त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवले व त्याच्या जागी २२ वर्षांच्या हॅरिसन बार्न्सला आणले. हेतू दुहेरी होता : बार्न्सला अनुभवी सोबत्यांचा आधार मिळावा, आणि दुसऱ्या फळीला इग्वोडालासारखा सूत्रधार लाभावा. धंदेवाईक खेळात पहिल्या पाचांतील स्थान ही केवळ सोय नसते, ती प्रतिष्ठा असते. असा माणूस दुखावला तर सारी मांडणी कोसळते. मोसमापूर्वी कर यांनी खेळाडूंच्या गावी जाऊन त्यांच्या गाठीभेटी घेतल्या होत्या. बार्न्सला ते मायामीत भेटले, तर बोगटसाठी थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. ज्याच्याकडून काही काढून घ्यावयाचे त्याचा विश्वास आधी मिळवणे, हे या प्रवासांचे प्रयोजन असावे. इग्वोडालाने बाक स्वीकारला, आणि त्याने तो स्वीकारल्यावर इतर कोणास कुरकुर करण्यास जागा उरली नाही.

येथे नशिबाचा वाटाही सांगितला पाहिजे, कारण यशानंतर लिहिलेल्या वर्णनांतून तो नेमका गळतो. पहिल्या पाचांतील दुसरा मोठा बदल कर यांच्या योजनेत नव्हता. २०१३ मध्ये तारांकित सामन्यासाठी निवडला गेलेला डेव्हिड ली मोसमाच्या तोंडावर मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर बसला, म्हणून ड्रेमंड ग्रीनला स्थान मिळाले. २०१२ च्या निवडीत ग्रीनचा क्रमांक ३५ वा होता. उंचीने कमी, परंतु कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला अडवू शकेल आणि चेंडूही खेळवू शकेल असा हा खेळाडू नव्या मांडणीला असा काही बसला की, ली बरा होऊन परतला तरी त्याला बाकावरच राहावे लागले. दुखापत हा योगायोग खरा. पण ली परतल्यावर जुनी श्रेणी पुन्हा न लावणे हा योगायोग नव्हे. नव्या प्रशिक्षकाला जुन्या श्रेयाचे ओझे नसते. आदल्या प्रशिक्षकाला तोच निर्णय घेणे कदाचित जड गेले असते.

२०१४-१५ च्या मोसमात संघाने ६७ सामने जिंकले व केवळ १५ गमावले. चढाईत तो दुसरा, बचावात पहिला ठरला. सामन्यामागे गुणांची सरासरी आघाडी ४.८ वरून १०.१ वर गेली. अंतिम मालिकेत क्लीव्हलंडने २-१ अशी आघाडी घेतली, तेव्हा चौथ्या सामन्यात बोगटला बसवून इग्वोडालाला मोसमात प्रथमच पहिल्या पाचांत आणले गेले. ही कल्पना निक यू’रेन या तरुण सहायकाची होती, आणि कर यांनी ती त्याच्याकडून घेतल्याचे लपवले नाही. तो सामना वॉरियर्सने १०३-८२ असा जिंकला, पाठोपाठ पुढचे दोनही जिंकले, आणि १९७५ नंतर प्रथमच विजेतेपद मिळवले. अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान इग्वोडालाला मिळाला.

तेव्हा ५१ चे ६७ झाले, हे १६ विजय कर यांच्या खाती टाकावे काय? तसे करणे भाबडेपणाचे होईल. २०१४ च्या शरदात करी २६ वर्षांचा, थॉम्प्सन व ग्रीन २४ चे होते. या वयात खेळाडू आपोआप वाढतात, प्रशिक्षक कोणीही असो. बोगट त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांत उपलब्ध होता. अंतिम मालिकेत क्लीव्हलंडचे दोन प्रमुख खेळाडू, केव्हिन लव्ह व कायरी अर्व्हिंग, जायबंदी होते. अर्व्हिंग पहिल्या सामन्यातच गेला. शिवाय ४.८ गुणांची सरासरी आघाडी असलेला जॅक्सन यांचा संघ मुळातच सामान्य नव्हता. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड बेरी व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली या संघटनेतील प्रशिक्षकांचा संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. बहुसंख्य प्रशिक्षकांचा खेळाडूंच्या कामगिरीवर लक्षणीय म्हणता येईल असा परिणाम त्यांना आढळला नाही. ज्या थोड्यांचा आढळला त्यांत फिल जॅक्सन होते. हा निष्कर्ष गॅमसन व स्कॉच यांच्या मताला पुष्टी देणारा आहे.

परंतु वॉरियर्सच्या बाबतीत निसर्गानेच एक प्रयोग घडवून आणला. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे २०१५-१६ चा मोसम सुरू झाला तेव्हा कर रजेवर होते. त्यांचे सहायक ल्यूक वॉल्टन यांनी सूत्रे सांभाळली. संघाने पहिले २४ सामने ओळीने जिंकले. जानेवारी २०१६ मध्ये कर परतले तोवर वॉल्टन यांच्या हाताखाली ३९ विजय व ४ पराभव अशी नोंद झाली होती. अखेर ७३ विजय व ९ पराभव असा नवा उच्चांक झाला. आता प्रशिक्षक नसतानाही संघ जिंकतो, म्हणून प्रशिक्षक निरुपयोगी, असे म्हणावयाचे काय? की मांडणी इतकी मुरली होती की, ती घडवणाऱ्याची रोज गरज राहिली नाही, असे म्हणावयाचे? संघटनेच्या नियमानुसार ते ३९ विजय कर यांच्याच नावे जमा झाले, आणि त्या मोसमाचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकही तेच ठरले. नियमकर्त्यांनी अशा रीतीने नकळत एका समाजशास्त्रीय वादात बाजू घेतली. वॉल्टन २०१६ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथील तीन मोसमांत ९८ विजय व १४८ पराभव झाले. यावरून ते ३९ विजय त्यांचे नव्हते असे वाटेल. पण लेकर्सकडे करी नव्हता, हेही खरे. आणि कर यांनाच पारखावयाचे तर २०१९-२० चा मोसम आहे. केव्हिन ड्युरंट व इग्वोडाला गेले होते, थॉम्प्सन वर्षभर जायबंदी होता, करी अवघे पाच सामने खेळू शकला. तेच प्रशिक्षक, तीच पद्धत, आणि १५ विजय व ५० पराभव, म्हणजे साऱ्या संघटनेत शेवटचा क्रमांक. पद्धत मेलेली नव्हती. २०२२ मध्ये तीच पुन्हा विजेतेपदापर्यंत गेली. मात्र २४० मिनिटांची वाटणी कितीही सूज्ञपणे केली तरी वाटण्याजोगे काही तरी असावे लागते.

एकाच संघाच्या उदाहरणावर थांबणे धोक्याचे आहे. टोरांटो संघाने २०१८ मध्ये ५९ विजय मिळवूनही ड्वेन केसी यांना दूर केले. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांना त्याच मोसमातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला. निक नर्स यांच्या हाताखाली संघाने पुढल्या वर्षी विजेतेपद जिंकले. तथापि त्याच उन्हाळ्यात क्वाय लेनर्ड हा खेळाडू त्या संघात आला होता, त्यामुळे या उदाहरणातून प्रशिक्षकाचा परिणाम वेगळा काढणे अशक्य आहे. याहून स्वच्छ, जवळजवळ अदलाबदलीचे म्हणावे असे, उदाहरण २०२४ मध्ये घडले. क्लीव्हलंडने ४८ विजयांच्या मोसमानंतर जे. बी. बिकरस्टाफ यांना निरोप दिला आणि केनी ॲटकिन्सन यांना आणले. ॲटकिन्सन त्यापूर्वी तीन वर्षे कर यांचे सहायक होते. प्रमुख चार खेळाडू तेच राहिले. ॲटकिन्सन यांनी सर्वांत मोठ्या खेळाडूची, डोनोव्हन मिचेलची, मिनिटे सामन्यामागे ३५ वरून ३१ च्या आसपास आणली आणि चेंडू इव्हन मोबली या उंच तरुण खेळाडूच्या हाती अधिक दिला. मिचेलची गुणांची सरासरी घटली, संघाचे विजय ६४ झाले. इकडे बिकरस्टाफ डेट्रॉइटला गेले. त्या संघाने आदल्या मोसमात १४ सामने जिंकले होते व ओळीने २८ गमावण्याचा विक्रम केला होता; त्यांच्या पहिल्याच मोसमात त्याने ४४ जिंकले. नेमबाजीची उणीव भरून काढणारे काही अनुभवी खेळाडू तेथे नव्याने आले होते, हे जमेस धरले तरी वाढ डोळ्यांत भरण्याजोगी आहे.

एका ठिकाणी अपुरा ठरवून काढलेला प्रशिक्षक दुसऱ्या ठिकाणी संजीवक ठरावा, आणि त्याच्या जाण्याने पहिल्या ठिकाणीही भरभराट व्हावी, याचा उलगडा वर सांगितलेल्या तीन मतांपैकी एकाने पुरता होत नाही. बिकरस्टाफ यांचे सामर्थ्य तरुण व विस्कळित संघाला बचावाची शिस्त लावण्यात होते. क्लीव्हलंडला ती त्यांनीच पूर्वी लावलेली होती, आणि आता त्या संघाची गरज निराळी झाली होती. जॅक्सन आणि वॉरियर्स यांच्या संबंधालाही हेच वर्णन लागू पडते; फरक इतकाच की, बिकरस्टाफ यांना आपले काम दुसरीकडे पुन्हा करून दाखवण्याची संधी मिळाली, जॅक्सन यांना २०१४ नंतर तशी नेमणूक मिळाली नाही. नव्या प्रशिक्षकाची योग्यता म्हणून त्याच्या एकट्याच्या गुणांत शोधण्यात अर्थ नाही. संघ कोणत्या अवस्थेत आहे, आणि आधीच्या माणसाने कोणते काम पुरे करून ठेवले आहे, हे पाहूनच ती ठरवावी लागते.

बाद फेऱ्यांच्या अल्प मुदतीत मात्र हा हिशेबही डळमळतो. २०२४ च्या वसंतात बिकरस्टाफ यांचे क्लीव्हलंड दुसऱ्या फेरीत बोस्टनकडून १-४ असे हरले होते. २०२५ मध्ये ॲटकिन्सन हे सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरवले गेले, आणि १६ विजय अधिक मिळवलेला त्यांचा संघ दुसऱ्याच फेरीत इंडियानाकडून हरला, तोही १-४ असाच.